भट्टीवरचा माणूस चार पानांत कसा मांडावा?

प्रश्न : आमचं गाव बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं, बाजाराचं. पप्पांनी तिथे 1993 पासून लाकडाच्या भट्टीची छोटी बेकरी चालवली. दीड महिन्यापूर्वी ते गेले. बेकरी आता धाकटा भाऊ बघतो. पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये स्मरणार्थ उपासना आहे. पाळकसाहेबांनी घरच्यांसाठी पाच मिनिटं दिली आहेत, आणि चार पानांची स्मरणपत्रिका छापायचं ठरलंय. दोन्ही मीच लिहायचंय. पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू’ याच्या पुढे हात सरकत नाही. भाऊ म्हणतो, ‘थोर समाजसेवक’ असं मोठ्या अक्षरांत छापू.

दिवाळीत गल्लीतल्या बायका मैदा-तुपाचे डबे घेऊन नानकटाई भाजायला यायच्या. रविवारी उपासनेच्या वेळी शटर खाली असायचं. चर्चच्या जमाखर्चाची वही पप्पाच लिहायचे. आता त्यांची उधारीची वही सापडली आहे. तीत एका घराच्या नावापुढे दोन वर्षं रोजच्या पावाची नोंद आहे, पण रक्कम कुठेच नाही. आईला हे ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. भाऊ म्हणतो, हे लोकांना कळलंच पाहिजे. आई म्हणते, एक शब्द काढू नका. येणाऱ्यांत निम्मे लोक कानडी बोलणारे आहेत. मी काय लिहू, कुठल्या भाषेत लिहू, आणि त्या वहीचं काय करू?

उत्तर : आधी वहीबद्दल, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच ठरणार आहे. तुमच्या आईचं बरोबर आहे. पप्पांनी त्या घराचं नाव लिहिलं ते हिशोब चुकू नये म्हणून, आणि रक्कम लिहिली नाही ती मागायची नव्हती म्हणून. घरात फक्त आईला सांगितलं. हे गुपित त्यांनी स्वतः राखलं होतं. ते गेल्यावर ते उघडणं म्हणजे त्यांच्या हातून झालेलं एक चांगलं काम आपण मागे जाऊन मोडणं. उजवा हात दान देतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय 6:3 मधलं वचन त्यांनी रविवारी नुसतं ऐकलं नाही, रोज सकाळी पाव मोजून देताना पाळलं.

नाव न घेता सांगायचं म्हटलं तरी जपून. बाजाराच्या गावात ‘एक विधवा माउली’, ‘पेठेतलं एक कुटुंब’ एवढ्यावरून लोक घर ओळखतात, आणि चर्चच्या दारातच कुजबुज सुरू होते. त्या घरातली मुलं आता मोठी झाली असतील, तीही बाकावर बसलेली असतील. म्हणून गल्ली, साल, किती वर्षं, किती पाव, काहीच नको. फार तर एवढं एक वाक्य : ‘पप्पांच्या वहीत काही हिशोब त्यांनी मुद्दाम अपुरे ठेवलेत. ते आम्ही तसेच ठेवणार आहोत.’ ज्यांना समजायचं त्यांना समजेल, आणि कुणाकडे बोट जाणार नाही. त्या घरातलं कुणी आपणहून उठून बोललं तर तो त्यांचा हक्क. त्यांना ‘तुम्ही दोन शब्द बोला’ असं मात्र आधी जाऊन सुचवू नका.

भावाला हे समजावताना ‘चूक’ म्हणू नका. वडिलांचं मोठेपण गावाला दिसावं असं त्याला वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. ते दाखवायला दुसरी ढीगभर सामग्री तुमच्याच बेकरीत पडून आहे. ती गोळा करायची.

‘प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू’ याच्या पुढे हात का सरकत नाही? हे शब्द कुठल्याही माणसाला लागू पडतात, म्हणून. त्यांना धरून पुढचं वाक्य येतच नाही. गावात ज्यांचे वडील गेले त्या प्रत्येकाच्या पत्रिकेत हेच तीन शब्द असतात, आणि ‘थोर समाजसेवक’ हा चौथा. तेव्हा गुणांपासून सुरुवात करू नका, कामापासून करा. हात काय करत होते ते लिहा, गुण वाचणाऱ्याला आपोआप कळतो.

त्यासाठी एक वही आणि चार-पाच संध्याकाळी लागतील. सगळ्यांत आधी भट्टीवर काम करणाऱ्याला गाठा, तो सर्वांत जास्त जाणतो. ‘पप्पा कसे होते?’ असं विचारलंत तर तो ‘देवमाणूस’ म्हणून गप्प बसेल. असं विचारा : पहाटे भट्टीचं दार कोण उघडायचं, किती वाजता? भट्टी तापली की नाही हे ते कसं बघायचे? बऱ्याच जुन्या भट्टीवाल्यांची रीत अशी की चिमूटभर मैदा भट्टीच्या लादीवर टाकायचा आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचं. टाकल्या टाकल्या काळा पडला तर अजून थांबायचं. पप्पा हेच करत होते की हात आत धरून आकडे मोजत होते, ते नेमकं विचारून घ्या. पीठ फसलं तर काय करायचे? पोरगा उशिरा आला तर काय म्हणायचे?

एक प्रश्न मात्र विसरू नका : 50 ग्रॅमच्या पावाला गोळा किती वजनाचा कापायचे? भाजताना पाण्याची वाफ होते आणि पावाचं वजन साधारण दहा-बारा टक्के घटतं. म्हणजे हातात 50 ग्रॅमचा पाव पडायला कच्चा गोळा 56-57 ग्रॅमचा हवा. गोळाच 50 चा कापला तर गिऱ्हाइकाला 44-45 ग्रॅम मिळतात, आणि डोळ्यांना काही कळत नाही. तुमच्या वडिलांचा गोळा 57 चा असेल, तर त्या सात ग्रॅममध्ये तुमचं निम्मं भाषण आहे. काट्याच्या पडताळणीचे जुने दाखलेही दुकानात कुठेतरी असतील, ते सालवार लावून बघा. एकही साल चुकलं नसेल तर ते लिहिण्यासारखं आहे. तसं नसेल तर हा मुद्दा सोडून द्या. न केलेलं त्यांच्या नावावर घालू नका.

मग मैद्याचा व्यापारी, दूधवाला, चहाच्या गाड्यावाला, चर्चची घंटा वाजवणारे काका, रविवार शाळेच्या बाई, आणि दिवाळीला डबे घेऊन येणाऱ्या दोघीतिघी. प्रत्येकाला एकच विचारा : ‘त्यांच्याशी शेवटचं बोलणं काय झालं?’ उत्तर आलं तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कुणी कानडीत बोललं तर कानडीतच. ‘इरली तगोरी, आमेल कोडरी’ हे पप्पांचं वाक्य कुणी सांगितलं, तर त्याचं ‘असू द्या, घेऊन जा, पैसे नंतर द्या’ असं मराठी करून मूळ वाक्य पुसू नका. आधी कानडी, मग लगेच मराठी, असं दोन्ही ठेवा. ते त्या गिऱ्हाइकाशी ज्या भाषेत बोलले, त्या भाषेतच ते तिथे उभे राहतात.

आता भाषण. पाच मिनिटं म्हणजे किती? सावकाश, लोकांना ऐकू जाईल असं वाचलं तर मिनिटाला साधारण नव्वद-शंभर शब्द होतात. कंठ दाटून येईल, थांबावं लागेल, त्यासाठी एक मिनिट बाजूला काढा. म्हणजे मजकूर 400 शब्दांचा, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात जन्मापासूनची हकीकत बसत नाही, आणि बसवूही नये. ती पत्रिकेत जाईल. भाषणात तीनच गोष्टी घ्या : भट्टी, घर, आणि मंडळी म्हणजे चर्च. प्रत्येकीला एकच प्रसंग. तीन प्रसंगांचे पाच झाले की ऐकणाऱ्याच्या हाती एकही राहत नाही.

उदाहरण म्हणून ही दोन वाक्यं पाहा. पहिलं : ‘आमचे पप्पा सर्वधर्मसमभाव मानणारे व सर्वांना मदत करणारे होते.’ दुसरं : ‘दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या भट्टीसमोर गल्लीतले पितळी डबे रांगेने लागलेले असत. झाकणावर नाव नसे, तरी कुठला डबा कुणाचा हे पप्पांना पाठ होतं. पाव निघाल्यावर भट्टी जरा उतरली की मगच ते नानकटाई आत घालायचे.’ दुसऱ्या वाक्यांत एकही मोठा शब्द नाही, तरी पहिल्यातलं सगळं त्यात आलं. अर्थात डब्यांवर नावं चिकटवलेली असतील तर तसंच लिहा. शेजारणी समोर बसलेल्या असणार, चुकीचा तपशील त्या तिथेच ओळखतील.

मंडळीबद्दल लिहिताना ‘चर्चची अखंड सेवा केली’ यावर थांबू नका. जमाखर्चाची वही ते लिहायचे ना? मग कमिटीच्या परवानगीने ती एकदा उघडून बघा. दर रविवारचं दान त्यांनी कसं मांडलंय, चिल्लर वेगळी दाखवलीय का, सोबत दुसऱ्या कुणाची सही घेतलीय का. दुसऱ्याचा पैसा मोजताना शेजारी साक्षीदार ठेवणारा माणूस कसा होता, हे वेगळं सांगावं लागत नाही. रविवारी शटर खाली असायचं हेही घ्या, पण आकड्यासह : किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि शनिवारी त्यासाठी जादा माल किती काढायचे. रविवारच्या सकाळी पावाला गिऱ्हाईक जास्त असतं, त्या वेळी बंद ठेवणं म्हणजे काय हे प्रत्येक दुकानदाराला कळेल.

वचन निवडायचं तर दुकानदाराला शोभणारी बायबलमध्ये पुष्कळ आहेत. खऱ्या तागडीबद्दल नीतिसूत्रे 11:1, पिशवीत लहान-मोठी दोन वजनं न ठेवण्याबद्दल अनुवाद 25:13-15, आणि ‘होय’ ला होय, ‘नाही’ ला नाही म्हणण्याबद्दल मत्तय 5:37. यांतलं एकच घ्या. पाठ आहे म्हणून आठवणीतून लिहू नका. तुमच्या चर्चच्या वेदीवर जे बायबल आहे त्यातूनच शब्दशः उतरवा. मराठी भाषांतरांचे शब्द एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि पाळकसाहेब एक वाचताहेत, पत्रिकेत दुसरंच, असं झालं की लोक पानाकडे बघत बसतात.

वाचायचा कागद 16 पॉइंटच्या अक्षरात, दोन ओळींत मोकळी जागा सोडून, एकाच बाजूला छापून घ्या, आणि पानांवर क्रमांक घाला. पाठपोट छापलेलं पान थरथरत्या हाताने उलटत नाही. दुसरी प्रत चुलतभावाकडे किंवा मैत्रिणीकडे द्या आणि तिला पहिल्या बाकावर बसवा : तुमचा आवाज गेला तर तिने उठून, त्याच ओळीपासून पुढे वाचायचं. घरी मोठ्याने तीनदा वाचा. तिन्ही वेळा ज्या वाक्याला रडू येतं ते वाक्य काढू नका, पण ते शेवटी न्या, म्हणजे तोवर बाकीचं सांगून झालेलं असेल. माइक तोंडापासून एक मूठ लांब.

भाषेचं म्हणाल तर उपासना मराठीत असेल तर भाषणही मराठीतच ठेवा, आणि अखेरीस कानडीत चार-पाच वाक्यं. मैद्याचे व्यापारी, हमाल, शेजारचे दुकानदार एवढ्यासाठीच आलेले असतात. त्यांचे आभार त्यांच्या भाषेत मानले जावेत. तुम्हाला कानडी बोलता येतं पण वाचता येत नसेल, तर देवनागरीत लिहून घ्या. पत्रिकेत मात्र कानडी मजकूर कानडी लिपीतच हवा, एक अख्खं पान नाही तरी अर्धं पान. आपल्या भागात कानडी माध्यमात शिकलेली मराठी मुलंही पुष्कळ आहेत. तुमच्या नातेवाइकांतल्या काहींनाही तेच अर्धं पान सोयीचं पडेल. ते कानडी शाळेतल्या एखाद्या शिक्षकांकडून लिहून घ्या. मोबाइलवरच्या भाषांतरावर विसंबू नका, त्यात नात्याचे शब्द हमखास बिघडतात.

पत्रिका चार पानी म्हणजे एक ए-फोर कागद मधोमध दुमडून. पहिल्या पानावर फोटो, नाव, जन्म आणि देवाज्ञेची तारीख, वचन. आत डावीकडे जीवनपट, उजवीकडे लोकांनी सांगितलेलं. चौथ्या पानावर वरच्या अर्ध्यात कानडी, आणि खाली काय घालावं ते शेवटी सांगतो. कागद 100 ते 130 जीएसएमचा घ्या. त्याहून पातळ असेल तर मागची शाई पुढे दिसते. प्रती माणशी नव्हे, घरटी एक धरा, आणि दुकानात ठेवायला तीस जादा.

चुका कुठे होतात ते आधीच सांगून ठेवतो. पहिली जन्मतारखेत. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेली असण्याची शक्यता बरीच. चर्चची बाप्तिस्मा नोंदवही बघा, तिथे जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही मिळतात. आजोबा-पणजोबांचा उल्लेख करणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 साली सुरू झालं आणि 1904 साली ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं. त्यामुळे ‘आमचं घराणं पहिल्यापासून अमुक मिशनचं’ असं लिहिण्याआधी साल ताडून पाहा. जुन्या नोंदींत आडनाव इंग्रजीत वेगळं, मराठीत वेगळं पडलेलं असतं. पत्रिकेत पप्पा स्वतः सही करताना जसं लिहायचे तसंच ठेवा.

दुसरी चूक छापखान्यात. तुम्ही मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करणार, छापखान्यात तो जुन्या फाँटमध्ये बदलला जाणार. या बदलात रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’ फुटतो, ‘र्थ’, ‘ष्ट्र’ तुटतात. कानडीचे ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली लागणारे जोड, तर हमखास निसटतात. पडद्यावर बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. कागदावर छापलेलं प्रूफ घ्या, मराठी एकाने आणि कानडी दुसऱ्याने, बोट ठेवून वाचा. नावं आणि तारखा उलट क्रमाने, शेवटून वर, तपासा. ओळखीच्या ओळीत डोळा घसरतो, उलट वाचताना घसरत नाही.

तिसरी चूक फोटोची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 6 बाय 8 सेंटीमीटरच्या छपाईला निदान 700 बाय 950 पिक्सेल लागतात. आधारकार्डावरचा फोटो नको, स्टुडिओत टाय घातलेलाही नको. पीठ लागलेल्या हातांनी भट्टीसमोर उभे असलेले पप्पा मिळाले तर पहिल्या पानावर तेच घ्या, थोडा धूसर असला तरी.

(याच प्रश्नावर कॅथलिक वाचकांसाठी दोन ओळी : अंत्यविधीच्या मिस्सामध्ये प्रवचनाच्या जागी मृताचं गुणवर्णन करू नये असा नियम आहे. घरच्यांपैकी एकाला दोन शब्द बोलायचे असतील तर ते कम्युनियननंतर, अंतिम निरोपाच्या प्रार्थनेआधी. तीन मिनिटांत संपवा आणि फादरना आदल्या दिवशीच कागद दाखवा.)

आता वहीतली बाकीची उधारी. आधी देणी : मैदा, लाकूड, कामगारांची मजुरी. वडिलांचं देणं वारसांना त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत फेडावं लागतं, आणि एखाद्या पुरवठादाराचे पैसे थकलेले असताना चर्चला त्यांच्या नावाचं बाक देणं पप्पांना रुचलं नसतं. येणं बघताना चहाचे गाडे, हॉटेलं असा धंद्याचा हिशोब वेगळा काढा. तो भावाने शांतपणे, वही दाखवून मागावा. त्यात लाज नाही. साध्या उधारीची कायदेशीर मुदत तीन वर्षांची असते, मुदतीच्या आत लेखी कबुली किंवा सहीनिशी अंशतः भरणा झाला तर ती नव्याने सुरू होते. आणि कोर्टातून हुकूमनामा हवा असेल तर वारसा प्रमाणपत्र लागतं. घरगुती किरकोळ उधारी मात्र मागायला जाऊ नका. जे आणून देतील त्यांचं घ्या, त्यांच्यासमोर ओळ खोडा, तारीख घाला. ‘राहू द्या’ म्हणून परत करू नका. फेडून मोकळं होणं ही त्यांची इज्जत आहे. रक्कम नसलेली पानं शिवून बंद करा आणि वही आईच्या ताब्यात द्या.

यातच एक तातडीचं. खाद्यपदार्थांचा परवाना किंवा नोंदणी पप्पांच्या नावावर असेल, तर मृत्यूनंतर ती वारसांसाठी 90 दिवस चालू धरली जाते. दीड महिना तर गेलाच आहे. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून भावाने याच आठवड्यात नावबदलाचा अर्ज करावा. उपासनेच्या धावपळीत नेमकं हेच राहून जातं.

त्यांच्या नावाने काही करायचं मनात असेल तर पेलेल एवढंच करा. लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्के म्हटलं तरी वर्षाला साडेसहा हजारच येतात. तेवढ्यात ‘शिष्यवृत्ती’ जाहीर केली की तिसऱ्या वर्षी ओढाताण सुरू होते. त्यापेक्षा रविवार शाळेच्या मुलांना नाताळचा केक बेकरीतून जात राहिला तर तो भावाच्या हातात आहे, आणि पैसे नव्हे, पीठ लागतं. रोख दान द्यायचं तर चर्चच्या खात्यात, पावती घेऊन, कमिटीच्या ठरावात नोंद करून. पप्पा जमाखर्च लिहीत होते, त्यांच्या नावाचा पैसा बिनपावतीचा नको.

चौथ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात त्यांच्या नानकटाईचं माप छापा. पावाचं नको, तो भावाचा धंदा आहे. पण नानकटाई तर गल्लीचीच होती, डब्यातला मैदाही त्यांचा. भट्टीवाल्याला विचारून माप लिहून घ्या. सर्वसाधारण माप एक किलो मैद्याला अर्धा किलो तूप किंवा डालडा आणि अर्धा किलो पिठीसाखर असं असतं. 25 ग्रॅमची एक धरली तर ऐंशी होतात. पप्पांचं याहून थोडं इकडेतिकडे असेल, तेच घ्या, वेलदोडा की जायफळ तेही. आणि छापण्याआधी त्या मापाने घरी एकदा भाजून बघा, कारण भट्टीचं माप घरच्या ओव्हनला तसंच्या तसं चालत नाही. पाव किलो मैद्याचं करा, ओव्हन 160 अंशांवर, अठरा ते वीस मिनिटं. पसरली तर तूप फार पातळ झालं होतं. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून परत भाजा. वरून चीर पडली आणि खालचा रंग फिकट बदामी राहिला की झाली. पहिल्या ताटातली एक आईला द्या, आणि ती ‘हो’ म्हणेल तेव्हाच ते माप छापखान्यात पाठवा.